मोठ्या अलॉयवर लोअरिंग स्प्रिंग : पूर्ण खर्च किती, धोका कुठे

लोअरिंग स्प्रिंगचा सेट १६ हजारांना मिळाला म्हणजे गाडी १६ हजारांत खाली आली असे होत नाही. साध्या हॅचबॅकचा पूर्ण हिशेब २६-२७ हजारांवर जातो. शॉकअप जुने असतील तर तो ४० हजारांच्या पुढे जातो. स्प्रिंगच चुकीची निवडली तर पुढचा खर्च टायर, फेंडर आणि शेवटी इंजिनच्या चेंबरवर येतो. तुम्ही अजिंठा, फर्दापूर, सोयगाव, सिल्लोड भागात राहत असाल किंवा छत्रपती संभाजीनगरहून या रस्त्याने नेहमी ये-जा करत असाल, तर पैसे देण्याआधी हा हिशेब करून घ्या.

आधी चाकाचे चार आकडे

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती मिलिमीटर खाली घ्यायची?" लगेच उत्तर देऊ नका. आधी चाकाचे चार आकडे कागदावर लिहा : टायरचा आकार, टायरचा लोड इंडेक्स, रिमची रुंदी आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे ईटी. पहिले दोन टायरच्या कडेवर छापलेले असतात, उरलेले दोन रिमच्या आतल्या बाजूला. रिमवर आकडेच नसतील, तर ती किती वजनासाठी बनवली आहे हे तुम्हाला कोणीही सांगू शकणार नाही. अशा रिमसाठी स्प्रिंगवर एक रुपयाही घालू नका, आधी रिम बदला.

आता व्यास काढा. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरची बाजू १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी उंच. वरची आणि खालची बाजू मिळून २४०, त्यात १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवा. व्यास झाला सुमारे ६२१ मिमी. त्याच गाडीला २०५/४५ आर १७ बसवले तर व्यास ६१६ होतो आणि गाडी दोन-तीन मिमी खालीच येते. २०५/५० आर १७ बसवले तर व्यास ६३७ होतो. मग गाडी सात-आठ मिमी वर उचलली जाते, टायर फेंडरच्या जवळ जातो आणि काटा ८० दाखवत असताना तुम्ही ८२ ने जात असता. चाके दोन्ही वेळा १७ इंचीच. म्हणून "१७ इंची अलॉय आहेत, कोणती स्प्रिंग बसेल?" या प्रश्नावर जो ताबडतोब उत्तर देतो, त्याच्याकडे काम देऊ नका.

शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या स्कोडाच्या जुन्या गाड्या सेकंडहँड बाजारात बऱ्या किमतीत मिळतात आणि त्यांच्यावर मोठे अलॉय चढवण्याची हौसही मोठी आहे. त्यांतल्या लॉराच्या २०५/५५ आर १६ ऐवजी २२५/४० आर १८ घेतले तर व्यास ६३२ वरून ६३७ होतो. हा फरक किरकोळ वाटतो. पण टायरच्या बाजूची उंची ११३ मिमीवरून ९० वर येते. खड्ड्याचा पहिला मार झेलणारे २३ मिमी रबर तुम्ही आधीच काढून टाकलेले असते. त्यावर आखूड आणि कडक स्प्रिंग आली की उरलेला सगळा मार रिम, शॉकअप आणि बुश यांच्यावर जातो. मोठे चाक आणि लोअरिंग या दोन वेगळ्या हौशी वाटतात, पण खर्च दोन्हींचा मिळूनच मोजायचा असतो.

लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ८४ म्हणजे ५००. पातळ बाजूच्या टायरांत हा आकडा गुपचूप खाली येतो आणि दुकानदार तो सांगत नाही. टायरवर आयएसआय चिन्ह आहे का, तेही पाहा. शेवटी चार अंकी तारीख वाचा : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सवलतीत मिळणारा १८ इंची टायर अनेकदा दुकानात पडून जुना झालेला असतो.

ऑफसेटचे गणित बहुतेक जण करतच नाहीत, आणि फेंडर घासतो तो त्यामुळेच. समजा मूळ रिम ६ जे (६ इंच रुंद), ईटी ४५ होती. तुम्ही ७.५ जे, ईटी ३५ घेतली. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली. त्यातली निम्मी, १९ मिमी, बाहेर गेली. ईटी १० ने कमी झाला, म्हणून चाक आणखी १० मिमी बाहेर आले. एकूण २९ मिमी. आतल्या बाजूला ९ मिमी वाढले, ते शॉकअपकडे. मूळ उंचीवर अशी चाके घासत नसतील, तरी ३० मिमी खाली घेतल्यावर मागे तीन माणसे बसली की फेंडरची कड टायर कापू लागते. तुमचे चाक २० मिमीपेक्षा जास्त बाहेर आले असेल, तर स्प्रिंगच्या आधी योग्य ईटीच्या रिमचा विचार करा. कित्येकदा तेवढ्यानेच गाडी नीट दिसते आणि स्प्रिंगची गरज उरत नाही.

किती खाली?

अजिंठ्याच्या रस्त्यासाठी माझे स्पष्ट मत : पुढे २५ ते ३० मिमी, मागे त्याहून थोडे कमी. ४० मिमी आणि त्यापुढचे सेट शहराबाहेर न जाणाऱ्या गाडीसाठी ठीक आहेत, तुमच्यासाठी नाहीत.

कारण असे. स्विफ्टची मूळ जमिनीपासूनची उंची १६३ मिमी. ३० मिमी खाली घेतली, १३३ उरले. पाच माणसे आणि सामान भरले की आणखी तीन-चार सेंमी जातात. म्हणजे हातात साधारण ९५ ते १०० मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक मध्यभागी १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याचा उतार सौम्य असतो. गाडीची पुढची आणि मागची चाके त्याच्या दोन बाजूंना असताना मधला उंचवटा पोटाखाली फक्त साडेचार सेंमी जागा खातो. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर गाडी निघून जाते. गावाच्या तोंडाशी, शाळेसमोर, मंगल कार्यालयासमोर लोकांनी स्वतः घातलेला अरुंद गतिरोधक मात्र पूर्ण उंचीने पोटाखाली येतो. तो १२ सेंमी असेल तर चेंबर लागणारच. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर अशा वाटेत आणि आतल्या रस्त्यांवर असे गतिरोधक चुकवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट जमिनीची. हा कापसाचा काळा मातीपट्टा. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. वरून खड्डा दिसत नाही, पण ८० च्या वेगाने गाडी लाटेत बसते आणि स्प्रिंग आखूड असेल तर शॉकअप थेट बंप स्टॉपवर आदळतो. महामार्गाचा सिमेंटचा झालेला भाग चांगला आहे. त्रास होतो पुलांजवळच्या पातळीतल्या फरकाने आणि वळणरस्त्यांवर.

लेण्यांचे म्हणाल तर शेवटचे ४ किमी तुमची गाडी जातच नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावायची आणि तिथून बसने जायचे. लेणी सोमवारी बंद असतात. तेव्हा गाडी लेण्यांपर्यंत चढेल का, ही काळजी नको. काळजी करायची ती अजिंठा गाव ते फर्दापूर या घाटाची. उतारावर गाडी पुढे झुकते, वळणात बाहेरचे चाक दाबले जाते. फेंडर घासायचा असेल तर तो इथेच घासतो.

काही गाड्यांना लोअरिंग करूच नका. मागे सीएनजीची टाकी असलेल्या गाडीची मागची बाजू टाकीच्या वजनाने आधीच बसलेली असते. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते, तिला बसलेला एक फटका सगळ्या हौशीच्या कित्येक पट महाग पडतो. ज्या गाडीत आठवड्यातून चार दिवस पाच माणसे आणि शेतीचे सामान जाते, तिलाही हात लावू नका.

स्प्रिंग कोणती

गाडीचे नुसते नाव सांगून स्प्रिंग मागवू नका. मॉडेल, वर्ष, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रकार सांगा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते. पेट्रोलसाठीची स्प्रिंग डिझेल गाडीला लावली की ३० मिमीच्या जागी गाडी ४० मिमी बसते. चांगल्या कंपनीच्या खोक्यावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर किती किलोपर्यंत चालेल हे लिहिलेले असते. तो आकडा गाडीच्या पाटीवरच्या ॲक्सल वजनाशी ताडून पाहा. खोक्यावर आकडा नसेल तर विक्रेत्याकडून लेखी मागा. तोही देत नसेल तर दुसरे दुकान.

दोन प्रकार मिळतात. एक सरळ कडकपणाची, म्हणजे जितके दाबाल तितका सारखाच विरोध. दुसरी वाढत्या कडकपणाची : वळसे एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला लांब. हलक्या वजनाला ती मऊ राहते, भार वाढला की कडक होते. पातळ टायर आणि आपले रस्ते यांच्यासाठी दुसरीच घ्या. शर्यतीच्या नावाखाली विकली जाणारी अतिकडक स्प्रिंग मूळ शॉकअपला आवरत नाही. गाडी उसळत राहते आणि शॉकअप काही महिन्यांत गळू लागतो.

"नवी कशाला, आहे तीच दोन वळसे कापून देतो, दीड हजारात काम," असे सांगणारे प्रत्येक गावात भेटतील. हे काम कोणत्याही किमतीला करू नका. स्प्रिंगचे टोक विशिष्ट आकारात वळवलेले असते, ते खालच्या वाटीत नेमके बसते. कापल्यावर ते बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबले की कापलेली स्प्रिंग वाटीतून सुटते आणि परत येताना तिरकी बसते. घाटात हे घडले तर गाडी हातात राहत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे याहून वाईट : पोलादाला दिलेले पाणी उतरते, ती रोज थोडी थोडी बसत जाते आणि एक दिवस तुटते. वापरलेली लोअरिंग स्प्रिंगही घेऊ नका. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथून आरसा घ्या, दिवा घ्या. स्प्रिंग नको.

जर्मन तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्या स्प्रिंगचा दर्जा चांगला असतो, ते पाहून घ्यायला हरकत नाही. पण त्या प्रमाणपत्राने भारतात बदल कायदेशीर ठरत नाही. विक्रेता तसे सुचवत असेल तर तो तुमची फसवणूक करतो आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळले पाहिजेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द लक्षात ठेवा. चाके एक बदल, स्प्रिंग दुसरा, असे धरले तर रक्कम दुप्पट.

कायद्यात बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचे मूळ स्वरूप बदलते. २५ मिमी आखूड स्प्रिंग त्यात बसते का, यावर तपासणी अधिकाऱ्याचे आणि तुमचे मत वेगळे असू शकते. म्हणून "सगळे चालते, कोणी विचारत नाही" या आश्वासनावर जाऊ नका. फेंडरबाहेर डोकावणारे टायर तर रस्त्यावर दुरूनच दिसतात. एमएच २० च्या गाडीसाठी संभाजीनगरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात काम करण्याआधी लेखी विचारणा करा. सोबत आरसी, विम्याची प्रत, मूळ आणि नव्या भागांचा तपशील आणि विक्रेत्याचे कोटेशन जोडा, आणि पोच घ्या. एजंट "एंट्री मारून देतो" म्हणून दोन-तीन हजार मागेल. देऊ नका. नोंद झाली की नाही हे आरसीवर दिसले पाहिजे, आणि एजंटच्या तोंडी शब्दाने ते दिसत नाही.

विमा कंपनीला काम करण्याआधी ईमेल करा : कोणता भाग, किती किमतीचा, कुठे बसवणार. उत्तर लेखी घ्या, जादा हप्ता सांगितला तर भरा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला की दावा अडतो किंवा नाकारला जातो. आणखी एक गोष्ट मात्र नीट वाचा. चेंबर फुटून तेल गेले आणि तशीच गाडी चालवल्याने इंजिन जाम झाले, तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत इंजिनचे नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम लागते. झिरो डेप घेतली म्हणजे हे आपोआप येते, असा समज चुकीचा आहे. खाली घेतलेल्या गाडीला हे कलम नसेल तर ते आधी जोडा.

गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन आणि त्याला जोडलेल्या भागांची वॉरंटी गेली असे धरूनच चाला.

कुठे आणि कधी

अजिंठा गावात आणि फर्दापूरला पंक्चर, तेल, ब्रेकची कामे करून घ्या. स्प्रिंगचे काम तिथे नको, कारण त्याला स्प्रिंग दाबून धरणारे योग्य यंत्र लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. गॅरेजमध्ये गेल्यावर पहिल्यांदा हे यंत्र दाखवायला सांगा. तार, दोरी किंवा दोन हुक वापरून काम करतो म्हणाले तर गाडी परत घ्या.

सिल्लोडला व्हील अलाइनमेंट होते, पण १७-१८ इंची रिमची कड न ओरबाडता धरणारे क्लॅम्प आहेत का, हे फोनवर विचारून मगच जा. स्प्रिंगसाठी संभाजीनगर गाठा, तिथे जालना रोड आणि चिकलठाणा बाजूला मोठी गॅरेजे आहेत. अजिंठा-फर्दापूरकरांनी जळगावचाही विचार करावा. लेण्यांपासून संभाजीनगर सुमारे १०० किमी, जळगाव सुमारे ६०. जळगावात अजिंठा चौफुली आणि त्याच रस्त्यावरच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्या. अलाइनमेंटसाठी पुन्हा जावे लागते, तेव्हा हे अंतर खिशाला जाणवते.

वेळ : भारतीय बनावटीची स्प्रिंग आठवड्याभरात येते, बाहेरून मागवली तर तीन ते सहा आठवडे धरा. बसवायला चार-पाच तास, अलाइनमेंटसह पूर्ण दिवस. सकाळी पहिली गाडी तुमची असू द्या. संध्याकाळी घाईने केलेले काम घाटातून अंधारात तपासायची वेळ येऊ नये. पावसाळ्यात हे काम काढू नका, पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही आणि पातळ टायरला तोच फोडतो. दिवाळीनंतर करा.

बिलात काय काय येते

खालचे दर साधारण आहेत, गाडी आणि दुकान पाहून बदलतील. प्रत्येक बाब लेखी कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या.

चार स्प्रिंगांचा भारतीय सेट हॅचबॅकसाठी १२ ते २० हजार, युरोपीय नामांकित कंपनीचा २५ ते ४५ हजार. परदेशातून स्वतः मागवायचा विचार असेल तर सीमाशुल्क, त्यावरचा जीएसटी आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क मिळवून मगच तुलना करा. दाखवलेली किंमत स्वस्त वाटते, दारात येईपर्यंत ती राहत नाही. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर ७० हजारांपासून दीड लाख आणि पुढे. गावाकडच्या धुळीत त्यांचे आटे जाम होतात, देखभाल सतत लागते. तुमच्या उपयोगासाठी मी ते सुचवणार नाही.

मजुरी तीन ते सहा हजार. हा आकडा ऐकून हो म्हणू नका, आधी विचारा : यात काय नाही? बहुतेकदा ही यादी बाहेर असते. शॉकअपचे वरचे माउंटिंग आणि बेअरिंग, एकेकी हजार ते अडीच हजार. बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर. एकदाच वापरायचे नायलॉक नट. स्टॅबिलायझर लिंक, जी उघडताना हमखास तुटते आणि "साहेब, जुनीच होती" म्हणून बिलात येते. हे सगळे मिळून पाच हजार बाजूला ठेवा. अलाइनमेंट ५०० ते १,०००, आणि ती दोनदा लागते. बॅलन्सिंगला प्रत्येक चाकामागे शंभर-दीडशे, वजनाच्या पट्ट्या कुठे कुठे ग्रॅमवर मोजतात. आधी विचारा, नाहीतर १८ इंची चार चाकांना ती रक्कम बरीच वाढते. फेंडरची कड आत वळवायची झाली तर प्रत्येक कमानीला हजार-दोन हजार. रंग तापवून न केल्यास तडे जातात आणि तिथून गंज धरतो, म्हणून रंगाची जबाबदारी कोणाची ते लिहून घ्या. कॅम्बर बोल्टची जोडी दीड ते तीन हजार, पण ती गरज अलाइनमेंटचा छापील कागद पाहिल्यावरच ठरवा.

शॉकअप ५०-६० हजार किमी चालले असतील तर चारही बदला, हॅचबॅकला १० ते १६ हजार. आज वाचवलेले हे पैसे सहा महिन्यांत परत खर्च होतात, आणि तेव्हा सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. स्प्रिंग आणि शॉकअप एकदमच उघडतात, मजुरी एकच.

तेव्हा हिशेब असा : स्प्रिंग १६,०००, मजुरी ४,०००, माउंटिंग आणि किरकोळ ५,०००, दोनदा अलाइनमेंट १,५००. झाले २६,५००. शॉकअपचे १४,००० मिळवले तर ४०,५००. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. कोणी अजून २८ टक्के लावून कोटेशन देत असेल तर थांबवा. मजुरीवरही १८ टक्के लागतो, म्हणून दर करासह आहे की कराशिवाय, हे आधी ठरवा. "बिल नको असेल तर कमी करतो" याला नाही म्हणा. बिल नसेल तर स्प्रिंगची वॉरंटी नाही आणि विमा कंपनीला दाखवायला कागदही नाही.

काम चालू असताना समोर उभे राहा

काम सुरू होण्याआधी सपाट जागेवर, टाकी भरलेली असताना, चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, हवेच्या दाबाने आकडा बदलतो. काम झाल्यावर पुन्हा मोजा. डावी-उजवीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग वाटीत नीट बसलेली नाही, पुन्हा उघडायला सांगा.

एक गोष्ट घाईत नेहमी सुटते. लोअर आर्मचे आणि मागच्या ॲक्सलचे बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळायचे नसतात. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. मिस्त्रीला आदराने, पण स्पष्ट सांगा : "शेवटचे आवळणे खाली उतरवूनच करा."

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे तो मागच्या उंचीवरून ओळखतो. मागची बाजू खाली घेतली की त्याला गाडी कायम भरलेली वाटते, मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होतात. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह असेल तर त्याची पट्टी पुन्हा जुळवून घ्या. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्या. समोरचा कॅमेरा आणि रडारवर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कॅलिब्रेशन लागते, त्याचे दर आधी विचारा. चेंबर गार्ड नसेल तर तो याच दिवशी बसवा.

पूर्ण पैसे देण्याआधी गाडी स्वतः चालवा, मागे तीन माणसे बसवून. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे आणि मागे घ्या. एक गतिरोधक तिरका ओलांडा. फेंडरच्या आत खडूने रेघ मारून ठेवा. ती पुसली गेली असेल तर टायर तिथे घासतो आहे. स्टीअरिंग वळवताना "टक्" आवाज आला तर वरचे बेअरिंग किंवा स्प्रिंगची बैठक तपासायला लावा.

जुन्या स्प्रिंगा गॅरेजमध्ये सोडू नका. मिस्त्री "भंगारात टाकतो" म्हणेल, त्याला नको म्हणा. गाडी विकताना, तपासणीत अडचण आली तर किंवा हे सगळे अंगवळणी पडले नाही तर त्याच लागतील, नाहीतर नव्या मूळ स्प्रिंगांचा सेट पुन्हा विकत घ्यावा लागेल.

५०० ते ८०० किमीनंतर स्प्रिंग चार-पाच मिमी आणखी बसते. तेव्हा चारही अंतरे पुन्हा मोजा, बोल्ट आवळून घ्या आणि दुसरी अलाइनमेंट करा. गाडी खाली आली की पुढची चाके वरून आत झुकतात आणि टो बिघडतो, म्हणून टायरची आतली कड झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. महिन्यातून एकदा हात घालून आतली कड चाचपा. झिजून १.६ मिमीवर आलेला टायर कायद्यानेही चालत नाही, आणि १७ इंची नवा टायर सात ते बारा हजारांना एक पडतो. हवेचा दाब दर पंधरवड्याला गार टायरवर तपासा. पातळ बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर फर्दापूरच्या अलीकडचा पहिला खड्डाच रिम वाकवेल.